३६ आठवड्यांना बाळ कशावर आहे? सीएलडी आणि बीपीडीचं निदान नेमकं कसं ठरतं

प्रश्न मोठा आहे म्हणून आधी तो थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बाळ २६ आठवडे ४ दिवसांचं असताना जन्मलं, ८५० ग्रॅम. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकातून सतत हलकं प्रेशर देणारं यंत्र), ऑक्सिजन चाळीसेक दिवस लागला. आता ६० दिवसांचं आहे, वजन १.७ किलो, हाय फ्लोवर (नाकातल्या बारीक नळीतून, म्हणजे कॅन्युलातून, जोरात सोडलेली हवा) आहे मिनिटाला ३ लिटरवर आणि ब्लेंडर (हवेत ऑक्सिजन मिसळायचं यंत्र) २१ टक्क्यांवर, म्हणजे साधी हवाच. एका डॉक्टरांनी महिनाभरापूर्वीच 'सीएलडी झालंय' (क्रॉनिक लंग डिसीज, कमी दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसाचा रेंगाळणारा आजार; बीपीडी हे त्याचंच दुसरं नाव) असं सांगितलं, दुसऱ्या मॅडम म्हणाल्या ३६ आठवड्यांपर्यंत थांबा मग ठरवू, तिसरे म्हणतात ऑक्सिजनच लागत नाही तर बीपीडी कसला, आणि एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये मात्र सरळ 'बीपीडी चेंजेस' असं छापून आलंय. आईवडील विचारतायत की यातलं खरं कोणाचं मानायचं, सीटी स्कॅन करायला हवा का, आणि बाळाचं पुढे काय.

तर पहिलं उत्तर हे की तिन्ही डॉक्टर आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहेत, आणि कोणी तुमच्यापासून काही लपवत नाहीये. या आजारात अशी कुठलीही रक्ततपासणी नाही की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे झालं. फुप्फुसाचा तुकडा काढून कोणी बघत नाही, एवढ्याशा जिवाचा बघूही नये. बाळाला अमुक दिवशी कुठला आधार लागतोय यावरून नाव ठरतं. म्हणजे आपण फुप्फुस मोजत नाही, आपण बाळाला काय देतोय ते मोजतो आणि त्यावरून फुप्फुसाबद्दल अंदाज करतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचा सगळा गोंधळ बराचसा सुटतो, म्हणून मी पुढे जे काही लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

थोडा इतिहास सांगावाच लागेल कारण तुमचे तीन डॉक्टर तीन वेगवेगळ्या काळातल्या व्याख्या बोलतायत. १९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या नॉर्थवे, रोझन आणि पोर्टर यांनी पहिल्यांदा ब्रोंकोपल्मोनरी डिसप्लेसिया म्हणजे बीपीडी हे नाव दिलं. तेव्हा सर्फॅक्टंट (फुप्फुस उघडं ठेवायला मदत करणारं औषध) नव्हतं, सीपॅपही रुळलेला नव्हता, व्हेंटिलेटर लहान बाळांसाठी बनवलेले नसायचे, प्रेशर भरमसाट, ऑक्सिजन ८० ते १०० टक्के आणि तोही दिवसचे दिवस. त्यांची बाळं आजच्या मानाने बरीच मोठी होती, तीस-पस्तीस आठवड्यांच्या आसपासची. फुप्फुसं अक्षरशः जखमी झालेली, चट्टे पडलेले, श्वासनलिकेचं अस्तर खराब, मधेमधे फुगलेले भाग, मधेमधे पिचलेले. एक्स-रेवर त्यांनी चार पायऱ्या मांडल्या होत्या आणि शेवटच्या पायरीतला तो बुडबुड्यांसारखा एक्स-रे एकदा बघितला की कोणीही ओळखेल.

आजची बाळं वेगळी आहेत. २४-२५-२६ आठवड्यांची बाळं जगतात, आणि त्यांच्या फुप्फुसात मुळात तो टप्पाच चालू असतो जिथे हवेच्या मोठ्या पिशव्या तयार झालेल्या असतात पण खरे अल्व्हिओलाय म्हणजे वायुकोश अजून पडायचे असतात. ढोबळ हिशोबाने हा सॅक्युलर टप्पा २४ ते ३६ आठवड्यांचा, आणि वायुकोश जोमाने बनायला लागतात ते साधारण ३६ आठवड्यांनंतर. मधेच बाळ बाहेर आलं, हवा, ऑक्सिजन, प्रेशर, इन्फेक्शन, कमी पोषण असं सगळं एकदम अंगावर आलं की ती वाढ मंदावते किंवा थबकते. मोठा हॉल बांधून झालाय पण आत भिंती घालून खोल्या पाडायचं काम राहून गेलंय असं समजा. जागा आहे पण भिंतींचा एकूण पृष्ठभाग कमी, आणि रक्तवाहिन्या त्या भिंतींमधूनच जातात म्हणून त्याही कमी. याला 'न्यू बीपीडी' म्हणतात. यात चट्टे कमी, वाढ अडलेली जास्त. म्हणूनच एक्स-रे कितीतरी वेळा नुसता धुरकट दिसतो, आणि एक्स-रे खूप खराब पण बाळ मजेत किंवा एक्स-रे बरा पण बाळाला दम लागतोय असं दोन्ही बघायला मिळतं. 'बीपीडी चेंजेस' या दोन शब्दांवर एवढं घाबरू नका ते याच्यासाठी. एक्स-रे बाकीचं काही आहे का ते बघायला उपयोगी, निदानाचा शिक्का मारायला अपुरा.

आता व्याख्यांकडे येऊ. १९७९ मध्ये बँकालारी आणि सहकाऱ्यांनी २८ दिवसांचा नियम मांडला. पहिल्या आठवड्यात व्हेंटिलेटर, २८ दिवसांनंतरही ऑक्सिजन, छातीची लक्षणं आणि एक्स-रेत बदल असं सगळं मिळून. तुमचे पहिले डॉक्टर बहुतेक या २८ दिवसांच्या हिशोबाने बोलले, बऱ्याच ठिकाणी २८ दिवस उलटले की सीएलडी म्हणायची सवय अजून आहे. पण विचार करा, २८ दिवसांचं असताना तुमचं बाळ फक्त ३० आठवडे ४ दिवसांचं होतं. त्या वयाचं बाळ खरं म्हणजे पोटातच असायला हवं होतं, त्याला ऑक्सिजन लागला यात आजार किती आणि नुसतं लहानपण किती हे वेगळं करताच येत नाही. २५ आठवड्यांची जवळजवळ सगळीच बाळं या नियमात बसतात, आणि जो नियम सगळ्यांनाच लागू होतो तो कोणाला जास्त धोका आहे ते सांगू शकत नाही.

म्हणून १९८८ मध्ये शेनन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातून दाखवलं की जन्मानंतर किती दिवस झाले यापेक्षा ३६ आठवड्यांना ऑक्सिजन लागतोय का हे पुढच्या श्वसनाच्या त्रासाशी जास्त जुळतं. हे ३६ आठवडे म्हणजे पोस्टमेन्स्ट्रुअल एज, आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेलं वय. जन्माच्या वेळचे आठवडे अधिक जन्मानंतरचे आठवडे, एवढाच हिशोब. तुमच्या बाळाचा करून बघा, २६ आठवडे ४ दिवस म्हणजे १८६ दिवस, ३६ आठवडे म्हणजे २५२, तर वजाबाकी ६६. म्हणजे बाळ ६६ दिवसांचं होईल त्या दिवशी ३६ आठवडे पूर्ण. आज ६० आहेत, सहा दिवस बाकी. मॅडम थांबा म्हणाल्या ते टाळाटाळ म्हणून नाही, नियमच तसा आहे. आणि हो, इथे जन्माच्या वेळचे आठवडे बरोबर असणं फार महत्त्वाचं, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख असेल तर तीच धरा, कारण तारखेत दोन आठवड्यांची चूक असेल तर सगळं निदानच दोन आठवडे सरकतं, आणि या वयात दोन आठवड्यांत बाळ हाय फ्लोवरून सुटून साध्या हवेवर आलेलं असू शकतं.

मग २००० साली अमेरिकेच्या एनआयसीएचडी या बालआरोग्य संशोधन संस्थेची कार्यशाळा झाली, ती २००१ मध्ये छापून आली, आणि अनेक वर्षं जगभर तीच चालली, अजूनही अनेक युनिट तीच वापरतात. त्यात दोन्ही घेतलं. एकूण निदान २८ दिवस ऑक्सिजन लागला यावरून, आणि तीव्रता ३६ आठवड्यांना. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ ३६ आठवड्यांना साध्या हवेवर असेल तर सौम्य, ३० टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजनवर असेल तर मध्यम, ३० किंवा जास्त लागत असेल किंवा सीपॅप-व्हेंटिलेटरचं प्रेशर लागत असेल तर तीव्र. ३२ आठवड्यांनंतर जन्मलेल्यांसाठी ३६ आठवड्यांऐवजी जन्मानंतर ५६ दिवसांचा मुहूर्त. मांडणी चांगली होती, पण त्यानंतर हाय फ्लो कॅन्युला आली आणि सगळा घोळ झाला. हाय फ्लो म्हणजे साधी कॅन्युला धरायची की प्रेशर? आणि हाय फ्लोवर २१ टक्के असेल तर त्याला साधी हवा म्हणायचं का? त्या व्याख्येकडे याचं उत्तरच नाही, कारण ती लिहिली तेव्हा हे यंत्र वॉर्डात नव्हतं. तिसऱ्या डॉक्टरांचं 'ऑक्सिजन नाही तर बीपीडी कसला' हे याच फटीतून आलंय.

२०१६ मध्ये पुन्हा कार्यशाळा झाली, २०१८ मध्ये हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी ती छापली. ३६ आठवड्यांना सलग ३ दिवस किंवा जास्त आधार लागला पाहिजे, एक्स-रेवर फुप्फुसाचा आजार दिसला पाहिजे, आणि मग आधाराचा प्रकार आणि ऑक्सिजनचे टक्के दोन्ही मिळून ग्रेड १, २, ३. शिवाय ३ए म्हणून एक वेगळा गट, १४ दिवसांनंतर पण ३६ आठवड्यांच्या आत फुप्फुसाच्या आजाराने गेलेल्या बाळांचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आधी ती बाळं कुठल्याच रकान्यात यायची नाहीत, सगळ्यात आजारी बाळं मोजणीतून गायब आणि कागदावर युनिटचा बीपीडीचा आकडा छान.

आणि २०१९ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी असं केलं की २,६७७ बाळांवर तब्बल १८ वेगवेगळ्या व्याख्या लावून बघितल्या, आणि प्रश्न एवढाच विचारला की यातली कुठली व्याख्या दोन वर्षांच्या आसपासचं पुढचं चित्र सगळ्यात नीट सांगते. जिंकली ती सगळ्यात साधी. ३६ आठवड्यांना आधार कुठला एवढंच बघा, ऑक्सिजनचे टक्के सोडून द्या. काहीच नाही तर बीपीडी नाही. कॅन्युला २ लिटर किंवा कमी तर ग्रेड १. २ लिटरपेक्षा जास्त फ्लो, सीपॅप किंवा नाकातून दिलेलं दुसरं प्रेशर तर ग्रेड २. घशात नळी टाकून व्हेंटिलेटर तर ग्रेड ३.

आता तुमचंच बाळ घ्या आणि धरा की ६६ व्या दिवशीही ते असंच ३ लिटर, २१ टक्क्यांवर आहे. शेननच्या नियमाने बीपीडी नाही. २००१ च्या व्याख्येत बीपीडी आहे पण तीव्रता ठरवता येत नाही, कोणी सौम्य लिहील, कोणी हाय फ्लोला प्रेशर धरून तीव्र लिहील. २०१८ च्या तक्त्यात ३ लिटर आणि २१ टक्के म्हणजे ग्रेड १. जेन्सनप्रमाणे ग्रेड २. बाळ तेच, पाळणा तोच, त्याच दिवशीची तीच फुप्फुसं. मला स्वतःला जेन्सनची पद्धत पटते, रोजच्या कामात मी तीच वापरतो, कारण ती बाळाच्या पुढच्या आयुष्याशी ताडून काढलीय आणि रात्रपाळीच्या रेसिडेंटलाही चूक न करता लावता येते. पण डिस्चार्ज कार्डावर मी फक्त ग्रेड लिहीत नाही, कुठल्या व्याख्येप्रमाणे तेही लिहितो, आणि हा आग्रह सगळ्यांनी धरावा असं मला मनापासून वाटतं. नुसतं 'मॉडरेट बीपीडी' लिहिलेला कागद घेऊन बाळ दुसरीकडे गेलं की पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

पण याहून मोठी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आधार लागतोय आणि आधार दिला जातोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या युनिटमध्ये सॅच्युरेशनचं (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांचं) टार्गेट ९० ते ९५ आहे, दुसरीकडे सिस्टरना सवय आहे की ९४ च्या खाली आलं की लगेच ब्लेंडर फिरवायचा. दुसऱ्या युनिटमध्ये बीपीडी जास्त निघणार, बाळं तशीच असूनही. २०१० च्या 'सपोर्ट' नावाच्या अभ्यासात ८५-८९ आणि ९१-९५ असे दोन गट केले होते, त्यात ३६ आठवड्यांना ऑक्सिजनवर असलेली बाळं कमी टार्गेटच्या गटात कमी निघाली. म्हणून कोणी म्हणेल टार्गेट खालीच ठेवूया, तर नाही, त्याच गटात मृत्यू जास्त झाले. सांगायचा मुद्दा हा की नुसता आकडा बदलला तरी 'आजार' कमी-जास्त होतो. उंचावरच्या गावात तर हवेतच ऑक्सिजनचा दाब कमी, तिथे तेच बाळ ऑक्सिजनवर राहील आणि समुद्रसपाटीला सुटेल.

यावर उपाय म्हणून वॉल्श आणि सहकाऱ्यांनी रूम एअर चॅलेंज टेस्ट आणली, २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की अशी तपासणी करून ठरवलं तर त्यांच्या केंद्रांमधला बीपीडीचा आकडा ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येतो. म्हणजे काही बाळांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, कोणी काढून बघितला नव्हता एवढंच. ही टेस्ट प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. बाळाचं फीड होऊन थोडा वेळ गेलेला असावा, शांत झोपलेलं असावं, पायाला लावलेला प्रोब नीट बसलेला असावा आणि मॉनिटरवरची लाट स्वच्छ यायला हवी, नाहीतर आपण बाळाऐवजी सैल प्रोब तपासत बसतो. आधी आहे त्या आधारावर थोडा वेळ नुसतं बघायचं. मग ऑक्सिजन दोन-दोन टक्क्यांनी खाली आणायचा, प्रत्येक पायरीला काही मिनिटं थांबायचं, २१ पर्यंत यायचं, मग फ्लोही हळूहळू कमी करत काढायचा. सिस्टरचा एक हात ब्लेंडरवर आणि डोळे बाळाच्या छातीवर. ९३, ९२, ९१ असं खाली येताना बघून नवीन माणसाचा हात आपोआप नॉबकडे जातो, तिथे थांबायला शिकवावं लागतं, कारण कितीतरी बाळं ९० पर्यंत येतात, एक मोठा श्वास घेतात आणि परत ९४ वर जाऊन बसतात. पण सलग ५ मिनिटं ८० ते ८९ मध्ये राहिलं किंवा ८० च्या खाली १५ सेकंद गेलं की टेस्ट फेल, लगेच ऑक्सिजन परत सुरू. साध्या हवेवर ठरलेला वेळ ९० किंवा वर राहिलं तर पास, मूळ पद्धतीत हा वेळ तासभराचा होता, नंतर बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासावर आणलाय. ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन खरोखर लागतोय किंवा बाळ सीपॅप-व्हेंटिलेटरवर आहे तिथे ही टेस्ट करायची गरजच नाही, उत्तर समोरच आहे.

तुमच्या बाळाच्या बाबतीत ऑक्सिजन आधीच २१ आहे, तर प्रश्न फक्त ३ लिटरच्या फ्लोचा. हा फ्लो त्याला श्वास घ्यायला मदत करतोय की कोणी कमी केला नाही म्हणून चालू आहे? हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडेल. फ्लो कमी केल्यावर छाती आत ओढली जाते का, श्वास साठ-सत्तरच्या वर जातो का, दूध ओढताना थकतं का, वजन वाढायचं थांबतं का. हे शेवटचं विसरू नका, सॅच्युरेशन ९४ आहे पण सगळी कॅलरी श्वासातच जाळतंय आणि आठवडाभर वजन तिथेच असं असेल तर आधार लवकर काढला, परत द्या. कॅन्युला काढून दाखवण्याची घाई करून आकडा चांगला करण्यात मला काडीचा रस नाही.

कॅन्युलाबद्दल अजून एक, कारण बरेच आईवडील विचारतात की ब्लेंडर नाही, सिलिंडरचा शंभर टक्के ऑक्सिजन आहे, म्हणजे बाळाला शंभर टक्के जातोय का. नाही. बाळ श्वास घेतं तेव्हा कॅन्युलाच्या फ्लोबरोबर खोलीतली हवाही आत ओढतं, त्यामुळे खरे टक्के किती ते फ्लो आणि वजनावर अवलंबून. १ किलोच्या बाळाला ०.१ लिटर शुद्ध ऑक्सिजन दिला तर आत जाणारं मिश्रण साधारण २९ टक्क्यांचं होतं, २ किलोच्या बाळाला तेवढाच दिला तर साधारण २५. यासाठी तयार तक्ते आहेत, प्रत्येक एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) भिंतीवर असावेत. हे गणित न करता 'शंभर टक्के ऑक्सिजनवर आहे' म्हणून तीव्र बीपीडी लिहिलेली कार्डं येतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या दोन शब्दांवर घरच्यांची झोप उडालेली असते.

आता निदानाचा दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. ३६ आठवड्यांना आधार लागतोय, ठीक, पण का लागतोय? बीपीडी हे नाव लावलं की शोध थांबतो आणि तसाच फुरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) सुरू होतो, मग स्टेरॉइड, आणि खरं कारण बाजूलाच राहतं. पीडीए (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी) मोठा उघडा असेल तर फुप्फुसात रक्ताचा पूर येतो आणि सगळं हुबेहूब बीपीडीसारखं दिसतं. दूध श्वासनलिकेत जात असेल तर प्रत्येक फीडनंतर सॅच्युरेशन पडतं, दिवसभराचा चार्ट नीट बघितला तर वेळा जुळलेल्या दिसतात. बराच काळ नळी होती आणि आता श्वास आत घेताना घर्र आवाज येतो, तर स्वरयंत्राखालचा भाग अरुंद झालाय का ते बघायला हवं. पीडीएचं ऑपरेशन झालंय आणि रडण्याचा आवाज बसका, तर डाव्या स्वरतंतूची हालचाल बघा. रडलं की एकदम निळं पडतं, कितीही दाबून हवा दिली तरी क्षणभर आत जातच नाही असं वाटतं, तर श्वासनलिका मऊ असू शकते, ट्रेकिओमलेशिया किंवा ब्रोंकोमलेशिया, त्यासाठी ब्रोंकोस्कोपी लागते. ॲप्नियासाठी, म्हणजे श्वास मधेच थांबतो म्हणून, फ्लो चालू असेल तर तो मेंदूच्या श्वास केंद्राच्या अपरिपक्वतेचा प्रश्न आहे, फुप्फुसाचा नाही, २००१ च्या व्याख्येतही हे स्पष्ट लिहिलंय की फुप्फुसाचा आजार नसताना दुसऱ्या कारणासाठी आधार लागला तर त्याला बीपीडी म्हणू नका. आणि बाळ ३४-३५ आठवड्यांचं जन्मलेलं असून, पहिल्या दिवसापासून आजारी आणि काही केल्या सुधारत नाही तर सर्फॅक्टंटच्या जनुकीय आजारांचा विचार करायलाच हवा, कारण एवढ्या मोठ्या बाळाला बीपीडी सहज होत नाही.

वाटेत जी दिशा दिसते तिला मी खूप किंमत देतो. बीपीडीचं बाळ हळूहळू, रेंगाळत का होईना पण सुधारतं. चांगलं चाललेलं, २५ टक्क्यांवर आलेलं बाळ दोन दिवसांत ४० वर गेलं तर 'बीपीडी वाढला' म्हणू नका, इन्फेक्शन शोधा, पीडीए बघा, दूध आत गेलंय का बघा, आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून फुप्फुसातला रक्तदाब बघा.

हा रक्तदाब म्हणजे पल्मोनरी हायपरटेन्शन, यावर वेगळं लिहितोय कारण हे चुकलं तर जीव जातो. आधी सांगितलं तसं वायुकोश कमी म्हणजे रक्तवाहिन्याही कमी, मग उजव्या बाजूच्या हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, फक्त ऑक्सिजन एक्स-रेच्या मानाने जास्त लागतो, मधेच सॅच्युरेशन पडतं, वजन वाढत नाही. म्हणून मध्यम किंवा तीव्र बीपीडी असेल तर ३६ आठवड्यांच्या सुमारास इको करायचाच, लक्षणं असोत नसोत. बाळ वाढ खुंटलेलं जन्मलं असेल, म्हणजे आठवड्यांच्या मानाने वजन कमी, तर जास्तच लक्ष. इकोवर ट्रायकस्पिड झडपेतून येणारी गळती, दोन वेंट्रिकलमधला (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला) पडदा चपटा झालाय का, उजवी बाजू मोठी झालीय का एवढं तरी लिहून यायला हवं. एवढ्या लहान बाळाच्या इकोत झडपेतली गळती दरवेळी मोजता येतेच असं नाही, त्यामुळे रिपोर्टात नुसतं 'नो पीएच' (पल्मोनरी हायपरटेन्शन नाही) असेल तर पडद्याबद्दल काय लिहिलंय ते विचारा. इको एकदा नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, आधार चालूच राहिला तर पुन्हा करायचा. तीव्र आजारात फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा अरुंद झाल्यात का हेही बघायला सांगा, हे हमखास बघायचं राहून जातं.

सीटी स्कॅनचं विचारलंय, तर तुमच्या बाळाला आत्ता गरज नाही. सीटी ग्रेड ठरवायला करत नाहीत, काहीतरी अनपेक्षित वाटलं, आजार सरळ मार्गाने जात नसला तर करतात. फुप्फुसाची सोनोग्राफी आता बऱ्याच ठिकाणी होते, अंदाज बांधायला मदत होते, पण निदानाच्या व्याख्येत तिला अजून जागा नाही.

आणि तो प्रश्न जो तुम्ही शेवटी घाबरत घाबरत विचारलाय, ग्रेड २ निघाला तर पुढे काय. जेन्सनच्या अभ्यासात ३६ आठवड्यांनंतर मृत्यू किंवा दीड-दोन वर्षांपर्यंत श्वसनाचा गंभीर त्रास हे दोन्ही मिळून बीपीडी नसलेल्यांत १० टक्के, आणि ग्रेड ३ मध्ये ७७ टक्के, ग्रेड १ आणि २ मधे कुठेतरी, चढत्या क्रमाने. दोन गोष्टी यात नीट वाचा. एक, बीपीडी नसलेल्यांतही १० टक्के आहेत, म्हणजे साध्या हवेवर घरी गेलेल्या कमी दिवसांच्या बाळालाही खोकला, घरघर, पुन्हा ॲडमिशन होऊ शकतं, त्यामुळे 'बीपीडी नाही' हे ऐकून फॉलोअप सोडू नका. दुसरी, तुमचं बाळ ग्रेड ३ पासून खूप लांब आहे. २६ आठवड्यांचं बाळ साठाव्या दिवशी २१ टक्क्यांवर आहे आणि १.७ किलो झालंय, हे मला चांगलं चित्र दिसतं. वायुकोश पहिली दोन-तीन वर्षं तरी बनत राहतात, आणि ते बनायला दूध, वजन आणि इन्फेक्शनपासून बचाव लागतो, हे तिन्ही अजून आपल्या हातात आहे.

तर येत्या सहा दिवसांत डॉक्टरांशी बोलताना हे विचारा. फ्लो कमी करून बघण्याचा प्लॅन काय, कॅफिन (बाळाने श्वास थांबवू नये म्हणून देतात ते औषध) अजून चालू आहे का आणि ३६ आठवड्यांना बंद करायचं आहे का, कारण कॅफिन आणि फ्लो एकाच दिवशी बंद केले आणि बाळ अडखळलं तर कशामुळे ते कोणालाच कळणार नाही. इको कधीचा आहे, पीडीए बंद झालाय का. ६६ व्या दिवशी बाळ नेमकं कशावर होतं, फ्लो किती, टक्के किती, सॅच्युरेशन किती, टेस्ट केली असेल तर किती मिनिटांत पास की फेल, हे तारखेसकट फाइलमध्ये लिहून घ्या. सुट्टी होताना कार्डावर जन्माचे आठवडे, वजन, व्हेंटिलेटरचे दिवस, सीपॅप आणि हाय फ्लोचे दिवस, ऑक्सिजन कुठल्या तारखेला सुटला, ग्रेड आणि तो कुठल्या व्याख्येप्रमाणे, शेवटच्या इकोची तारीख आणि निष्कर्ष एवढं असलं पाहिजे. नसेल तर तिथेच थांबून लिहून मागा, कारण सहा महिन्यांनी रात्री अडीच वाजता बाळाला धाप लागली तर समोरच्या अनोळखी डॉक्टरला हाच कागद वाचायचा असतो.